फाइलचं नाव आकड्यांत का दिसतं? गिटच्या सेटिंग्ज आणि त्यांच्या न कळणाऱ्या नोंदी

दिवाळी अंकाचा मजकूर गिटमध्ये ठेवायचा, ही टूम माझीच होती. कुणी कुठला परिच्छेद कधी बदलला याचा हिशेब राहतो, जुनी आवृत्ती कधीही परत काढता येते, आणि 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फाइलींची रांग लागत नाही. मुद्रितशोधन करणाऱ्या ताई साठी ओलांडलेल्या, पण नवं शिकायला एका पायावर तयार. कमिट आणि पुश त्यांनी आठवड्याभरात आत्मसात केलं. मग एका रात्री त्यांचा फोन आला.

"अरे, माझ्या कवितेच्या फाइलचं काय केलंस? नावाच्या जागी नुसते आकडे आलेत."

त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. 'गिट स्टेटस' विचारल्यावर 'कविता' या नावाच्या जागी अवतरणचिन्हांत हे आलं होतं:

\३४०\२४४\२२५\३४०\२४४\२६५\३४०\२४४\२७७\३४०\२४४\२४४\३४०\२४४\२७६

फाइल शाबूत होती. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. क, व, वेलांटी, त, काना अशी पाच चिन्हं, म्हणून पंधरा बाइट, आणि प्रत्येक बाइट गिटने अष्टमान पद्धतीने छापलेला. कोअर.कोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की मूळ नाव दिसू लागतं. एका ओळीचं काम. मी ती ओळ पाठवली आणि दोन मिनिटांत 'दिसतंय रे' असा निरोप आला. (या लेखात कमांडची आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

ती ओळ मला ठाऊक होती, म्हणून भागलं. ताईंनी स्वतःच मॅन्युअल उघडलं असतं, तर ती त्यांना सापडली असती का?

औषधाचं नाव आधी, आजार नंतर

गिटच्या मॅन्युअलमध्ये कोअर.कोटपाथची नोंद आहे आणि तिच्यात एकही चूक नाही. तिचा आशय असा: फाइलींचे मार्ग छापणाऱ्या कमांड 'नेहमीपेक्षा वेगळी' चिन्हं असलेली नावं अवतरणात घालतात आणि ती चिन्हं सी भाषेच्या पद्धतीने उलट्या तिरप्या रेघेसह लिहितात. मग टॅब, नवी ओळ वगैरेंची उदाहरणं. मग ०एक्स८० पेक्षा मोठ्या बाइटचा उल्लेख आणि त्याला उदाहरण म्हणून मायक्रो हे मोजमापाचं चिन्ह. सेटिंग फॉल्स केली तर हे मोठे बाइट 'वेगळे' मानले जाणार नाहीत. अगदी शेवटी, मूळ किंमत ट्रू.

ताईंच्या जागी बसून हे वाचून पाहा. त्यांना आकडे दिसले, पण नोंदीत 'आकडे दिसतात' हे शब्द कुठंच नाहीत. त्यांची अडचण भाषेची, आणि नोंदीत 'भाषा' हा शब्दही नाही. ०एक्स८० च्या पलीकडचे बाइट म्हणजे मराठी, तमिळ, अरबी, जपानी, इतकंच काय फ्रेंचमधली डोक्यावर टिंबटोपी असलेली अक्षरंसुद्धा, ही ओळ लिहायला कुणाला पाच सेकंद लागली असती. त्याऐवजी उदाहरण मिळतं ते मायक्रोच्या चिन्हाचं. आपल्या फाइलीच्या नावात मायक्रोचं चिन्ह किती जणांनी घातलं असेल?

आजीबाईचा बटवा म्हणून घरगुती औषधांची जी पुस्तकं असतात, त्यांत खोकला उघडला की अडुळसा सापडतो. अडुळसा हे नाव माहीत असलं तरच खोकल्यापर्यंत पोचता येईल अशी मांडणी कुणी करत नाही. सेटिंग्जचं मॅन्युअल नेमकं तसं आहे. वनस्पतींची नावं अकारविल्हे, आणि आजार प्रत्येक नोंदीच्या पोटात कुठंतरी, असलाच तर.

याला कारण आहे. नोंद लिहितो तो सेटिंग बनवणारा माणूस, आणि तेही बहुधा कोड लिहून झाल्यावर त्याच पॅचमध्ये. त्याच्या डोळ्यांसमोर कोडमधला फाटा असतो, इकडे ट्रू आणि तिकडे फॉल्स. त्या फाट्याचं वर्णन तो चोख करतो. वाचणारा त्या फाट्यावर उभाच नसतो, तो टर्मिनलवरच्या विचित्र ओळीकडे बघत असतो.

मी ती नोंद लिहिली असती तर अशी:

'मराठी, तमिळ, जपानी अशा इंग्रजीबाहेरच्या अक्षरांतली फाइलनावं स्टेटस, डिफ वगैरे कमांडच्या उत्तरात \३४०\२४४ अशी आकड्यांत दिसत असतील, तर ही सेटिंग फॉल्स करा. मूळ किंमत ट्रू आहे. फाइलच्या खऱ्या नावाला धक्का लागत नाही, फक्त ते दाखवण्याची रीत बदलते. टॅब, नवी ओळ, दुहेरी अवतरण आणि उलटी तिरपी रेघ ही चिन्हं मात्र फॉल्स असतानाही सांकेतिकच दिसतील. नावं दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचायला द्यायची असतील तर या सेटिंगवर विसंबू नका, -झेड हा पर्याय वापरा.'

जुन्या नोंदीतली माहिती जवळजवळ सगळी यात आहे. क्रम तेवढा उलटा केला आणि मायक्रोला निरोप दिला.

अशीच एक नोंद मॅकवाल्यांसाठी आहे, कोअर.प्रीकंपोजयुनिकोड. मॅक फाइलनावांतली अक्षरं फोडतो आणि गिट ती पुन्हा जोडून घेतं, एवढं नोंद सांगते. कुठली अक्षरं, हे नाही. आपल्यापुरतं उत्तर असं, की 'दुसऱ्या', 'कोऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ हा युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांतही. डोळ्याला दोन्ही सारखे, बाइट वेगळे. एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागल्या तर संशयित हा ऱ.

'ग्लोबल' म्हणजे फक्त तुमच्यापुरतं

कुठलीही एक नोंद समजण्याआधी सेटिंग राहते कुठं हे कळावं लागतं, आणि इथं शब्दच वाट चुकवतात. गिट सेटिंग्ज पाच पातळ्यांवर वाचतं. सिस्टिम म्हणजे त्या संगणकावरच्या सर्वांसाठी. ग्लोबल म्हणजे तुमच्या एका खात्यापुरत्या, घरच्या फोल्डरमधल्या .गिटकॉन्फिग फाइलीत. लोकल म्हणजे त्या एका रेपोपुरत्या. त्याच्याही आत वर्कट्रीची पातळी असू शकते. आणि शेवटी कमांड देताना -सी लावून त्या एका वेळेपुरतं सांगितलेलं. नंतर वाचलेलं आधीच्यावर मात करतं, म्हणजे जवळचा नियम लांबच्याला हरवतो.

'ग्लोबल' ऐकून नव्या माणसाला वाटतं की आपण ऑफिसभर काहीतरी बदलतोय. हात आखडतो. मी एका शिकाऊ मुलाला 'ग्लोबल लावू का, कुणाला त्रास नाही ना होणार?' असं विचारताना ऐकलंय. त्याची शंका अगदी रास्त. नाव आता बदलता येणार नाही, पण प्रत्येक ठिकाणी 'ग्लोबल, म्हणजे फक्त तुमच्या खात्यासाठी' एवढं जोडायला हरकत काय?

सेटिंग केली आणि फरक पडला नाही, तर ती दुसऱ्या पातळीवर कुणीतरी खोडली असण्याची शक्यता मोठी. त्याचा शोध घ्यायला 'गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन --शो-स्कोप' ही कमांड आहे. प्रत्येक ओळीपुढे ती सेटिंग कुठल्या पातळीवरची, कुठल्या फाइलीतली ते छापून येतं. मला विचाराल तर मॅन्युअलच्या पहिल्या पानावर ही एकच कमांड चौकटीत छापावी.

ओळीच्या शेवटचं भांडण

टंकलेखन यंत्रावर परीक्षा दिलेल्यांना आठवत असेल. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डाव्या हाताने दांडी ओढायची. त्या एका झटक्यात दोन कामं व्हायची, कॅरेज परत सुरुवातीला आणि कागद एक ओळ वर. टेलिप्रिंटरने या दोन कामांना दोन वेगळी चिन्हं दिली, सीआर आणि एलएफ. विंडोजने दोन्ही जपली, युनिक्सच्या घराण्याने एलएफवर भागवलं. ते यंत्र माळ्यावर गेलं, भांडण मात्र अजून आपल्या फाइलींत आहे.

पुण्यातल्या एका ऑफिसात पाहिलेला प्रसंग. विंडोजच्या लॅपटॉपवरून छोटी शेल स्क्रिप्ट लिनक्सच्या सर्व्हरवर गेली आणि 'बिन/बॅश^एम: बॅड इंटरप्रिटर' म्हणून आडवी पडली. स्क्रिप्ट उघडून पाहिली तर पहिल्या ओळीत ^एम कुठंच नाही. लिहिणाऱ्या मुलीने ती ओळ तीनदा पुसून पुन्हा टाइप केली. ^एम म्हणजेच तो न दिसणारा सीआर. गिटने विंडोजवर फाइल काढताना एलएफचं सीआरएलएफ केलं होतं, आणि तीच प्रत कुणीतरी उचलून सर्व्हरवर टाकली होती.

याला जबाबदार सेटिंग कोअर.ऑटोसीआरएलएफ. तिची नोंद सांगते: ट्रू केली म्हणजे सगळ्या फाइलींना टेक्स्ट हा गुणधर्म ऑटो दिल्यासारखं आणि कोअर.इओएल सीआरएलएफ केल्यासारखं. म्हणजे एक गोष्ट समजायला आणखी दोन समजायच्या. पुढे इनपुट ही किंमत येते आणि तिथं लिहिलंय की या किंमतीला 'आउटपुट' रूपांतर होत नाही. कुणाचं आउटपुट? गिटच्या दृष्टीने रेपोतून तुमच्या फोल्डरात येणारं ते आउटपुट, आणि फोल्डरातून रेपोत जाणारं ते इनपुट. वाचणारा फोल्डरात बसलेला असतो. त्याला सगळं आरशात पाहिल्यासारखं उलट वाटतं.

दिशा नावानिशी सांगितली की गुंता सुटतो. कमिट करताना, म्हणजे फाइल रेपोत जाताना, ट्रू आणि इनपुट या दोन्ही किंमती सीआरएलएफचं एलएफ करतात. फाइल रेपोतून बाहेर काढताना ट्रू पुन्हा सीआरएलएफ करते, इनपुट हात लावत नाही. फॉल्स दोन्ही वेळा गप्प. या तीन वाक्यांची जागा खरं तर दोन बाणांच्या एका चित्राची आहे.

शेजारीच कोअर.इओएल राहते. ऑटोसीआरएलएफ ट्रू किंवा इनपुट असेल तर इओएलकडे गिट ढुंकूनही बघत नाही. हे इओएलच्या नोंदीत शेवटी टीप म्हणून येतं. अशी ओळ पहिली हवी. जी सेटिंग बऱ्याच जणांच्या मशीनवर निकामी पडलेली असते, तिने आधी तेच सांगावं.

आणि या सगळ्यांच्या वर .गिटॲट्रिब्यूट्स ही फाइल. तिच्यात एखाद्या प्रकारच्या फाइलींसाठी 'इओएल=एलएफ' लिहिलं की कुणाच्याही मशीनवरची सेटिंग काहीही असो, त्या फाइली एलएफच राहतात. ही फाइल रेपोबरोबर सर्वांकडे जाते, वैयक्तिक सेटिंग जात नाही. माझ्या मते ऑटोसीआरएलएफच्या नोंदीचं पहिलं वाक्य असं असावं: 'चार जण मिळून काम करत असाल तर ही सेटिंग नको, .गिटॲट्रिब्यूट्स वापरा.' संदर्भग्रंथाने सल्ला देऊ नये असं मानणारे आहेत. मला ते पटत नाही. औषधाच्या बाटलीवर 'उपाशीपोटी घेऊ नये' छापतातच की.

त्या मुलीला शेवटी 'गिट एलएस-फाइल्स --इओएल' या कमांडने उलगडा झाला. स्क्रिप्टच्या नावाआधी दोन खुणा आल्या, आय/एलएफ आणि डब्ल्यू/सीआरएलएफ. रेपोच्या बाजूला एलएफ, हातातल्या प्रतीत सीआरएलएफ. "म्हणजे मी वेडी नाही," ती म्हणाली. ही कमांड ऑटोसीआरएलएफच्या नोंदीत असती, तर तिची दुपार वाचली असती.

एक म्हणजे 'हो' की दशांश सेकंद?

हेल्प.ऑटोकरेक्ट ही मजेशीर सेटिंग. कमांड टाइप करताना चूक झाली, 'पुश'चं 'पुह्स' झालं, तर जवळची कमांड कुठली ते गिट सुचवतं. ही सेटिंग चालू केली तर ती कमांड चालवूनही टाकतं. लोक चालू करायला काय लिहिणार? एक. गिटमध्ये इतरत्र एक म्हणजे हो. इथं मात्र वर्षानुवर्षं एक म्हणजे 'एक दशांश सेकंद थांब आणि मग चालव' असा अर्थ होता. इशारा वाचायच्या आत कमांड चालून गेलेली. एकक दशांश सेकंद आहे हे नोंदीत लिहिलेलं होतं, हे कबूल. पण मिलिसेकंद नाही, सेकंदही नाही, मधलंच दशांश सेकंद असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? अलीकडच्या आवृत्त्यांत हा घोळ कोडमध्येच निस्तरला. आता एकचा अर्थ सरळ 'लगेच चालव' असा आहे, आणि थांबण्याची मुदत एकाहून मोठ्या आकड्यांसाठी ठेवली आहे.

नोंद लिहिताना वाक्य काही केल्या सरळ होत नसेल, तर दर वेळी दोष लिहिणाऱ्याचा नसतो. कधी सेटिंगच वाकडी असते.

हो-नाहीचीही एक गंमत आहे. ट्रू, येस, ऑन, एक हे सगळे होकार. फॉल्स, नो, ऑफ, शून्य हे नकार. कॉन्फिग फाइलीत नुसतं सेटिंगचं नाव लिहिलं आणि बरोबरचं चिन्ह घातलंच नाही, तर तो होकार. बरोबरचं चिन्ह घालून पुढे काहीच लिहिलं नाही, तर तो नकार. एका चिन्हाने अर्थ उलटा. हे मॅन्युअलमध्ये व्यवस्थित लिहिलंय, फक्त सेटिंग्जच्या नोंदींपासून लांब, वेगळ्या विभागात. तिथं सहसा कुणी फिरकत नाही.

डीफॉल्टला वय असतं

सेटिंगची मूळ किंमत काय, एवढं सांगून पुरत नाही. कधीपासून, हेही लागतं. पुश.डीफॉल्टची मूळ किंमत आधी 'मॅचिंग' होती. नुसतं 'गिट पुश' म्हटलं की दोन्हीकडे सारख्या नावाच्या जेवढ्या ब्रँच असतील तेवढ्या सगळ्या निघायच्या. एक ढकलायला जावं तर कधीच्या विसरलेल्या चार मागे लागायच्या, आणि त्यात कुणी जबरदस्तीचा पर्याय लावला तर दुसऱ्याचं काम पुसलं जायचं. २८ मे २०१४ ला आलेल्या गिट २.० पासून 'सिंपल' ही मूळ किंमत झाली. आता फक्त चालू ब्रँच जाते. त्याआधीच्या १.८ च्या मालिकेतच गिट या बदलाचा लांबलचक इशारा छापू लागलं होतं.

जुन्या लेखांत, जुन्या प्रश्नोत्तरांत अजूनही 'मॅचिंग'चं जग जिवंत आहे. ते वाचून आलेला माणूस नोंदीत 'सिंपल' पाहतो आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं धरून चालतो. '२.० पासून सिंपल, त्याआधी मॅचिंग' या अर्ध्या ओळीने तो वाचतो.

इशारे छापण्याची गिटची सवय कधी कधी वैतागवाणी असते, पण त्यांतले काही इशारे मॅन्युअलपेक्षा चांगले लिहिलेले आहेत. २०२० मध्ये २.२७ आवृत्तीपासून 'गिट पुल' केल्यावर एक मोठा मजकूर यायचा. तीन पर्याय, प्रत्येकापुढे द्यायची कमांड, आणि तिच्याच ओळीत दोन शब्दांत अर्थ. लोक चिडले, पण कॉपी करून मोकळे झाले. माणूस अडतो तिथंच मिळालेल्या तीन ओळी पुरल्या.

नाव चुकलं तर गिट गप्प

किंमत चुकली तर गिट ओरडतं. ऑटोसीआरएलएफला 'ट्रू'ऐवजी 'टरू' दिलं, तर पुढची कमांड 'बॅड बूलियन' म्हणत थांबते. सेटिंगचं नावच चुकलं तर मात्र चकार शब्द नाही. 'ऑटोसीआरएफएल' लिहा, गिट ते फाइलीत नीट नोंदवून ठेवेल, यादीत दाखवेलही, आणि त्याचा उपयोग कशालाच करणार नाही. इतर साधनांनाही याच फाइलीत आपापल्या सेटिंग्ज ठेवता याव्यात म्हणून अनोळखी नावं चालवून घेतली जातात, त्यामुळे हे बदलेल असं वाटत नाही. 'गिट हेल्प --कॉन्फिग' दिलं की गिटच्या ओळखीच्या नावांची यादी मिळते. शंका आली तर तिच्याशी ताडून पाहावं.

गप्प बसण्याचा दुसरा प्रकार जास्त फसवा. सेफ.डिरेक्टरी ही सेटिंग एप्रिल २०२२ मध्ये, २.३५.२ आवृत्तीत, सुरक्षेच्या एका त्रुटीमुळे आली. फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर गिट तिथं काम करायला नकार देतं, आणि तुमचा त्या फोल्डरवर विश्वास आहे हे या सेटिंगने सांगायचं. ती त्या रेपोच्या लोकल फाइलीत लिहिली तर मोजलीच जात नाही, सिस्टिम, ग्लोबल किंवा कमांडसोबतच लागते. कारण उघड आहे. अनोळखी घराच्या दारावर 'आत या, धोका नाही' अशी पाटी त्या घरानेच लावली, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवेल? ही अट आणि तिचं कारण, दोन्ही नोंदीत लिहिलेलं आहे. सगळ्या नोंदी अशा असत्या तर हा लेख लिहावा लागला नसता.

नोंद दुरुस्त करायला बसल्यावर

आधी करून बघायचं. तात्पुरता रेपो काढा, सेटिंगच्या प्रत्येक किंमतीने तीच कमांड द्या आणि उत्तर कागदावर उतरवा. मी एकदा इओएलबद्दल तीन वाक्यं आत्मविश्वासाने लिहिली होती. करून पाहिल्यावर त्यातली दोन खोटी ठरली, कारण माझ्याच ग्लोबल फाइलीत इनपुट लावलेलं होतं आणि मी विसरलो होतो.

दुसरं, गोंधळ ताजा असतानाच टिपून ठेवायचा. एकदा अर्थ उमगला की दोन दिवसांत जुनी नोंदही सोपी वाटू लागते, 'सगळं तर लिहिलंय की इथं' असं आपणच म्हणतो. म्हणून मी अडलेल्या क्षणी गूगलवर काय टाइप केलं ते शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो. नोंदीत ते शब्द आले पाहिजेत.

गिटची नोंद सुधारायची तर ती डॉक्युमेंटेशन फोल्डरच्या आतल्या कॉन्फिग फोल्डरात सापडते. २०१८ पर्यंत सगळ्या सेटिंग्ज एकाच अजस्र फाइलीत होत्या, मग विषयवार फोडल्या. मजकूर ॲस्कीडॉक पद्धतीने लिहायचा असतो. सेटिंगचं नाव, पुढे दोनदा विसर्गासारखी टिंबं, खाली थोडा आत सरकवलेला मजकूर. नोंदीत दुसरा परिच्छेद हवा असेल तर मधल्या ओळीत एकटं अधिकचं चिन्ह द्यायचं. ते विसरलं की परिच्छेद नोंदीबाहेर पडतो आणि पान विस्कटतं. पहिल्या पॅचमध्ये हे हमखास होतं, म्हणून पान बांधून पाहिल्याशिवाय पाठवू नये. हाच मजकूर पुष्कळदा दोन पानांत ओतला जातो, एकदा कॉन्फिगच्या आणि एकदा त्या त्या कमांडच्या. म्हणून 'वर सांगितल्याप्रमाणे' लिहिणं धोक्याचं, दुसऱ्या पानात वर भलतंच काहीतरी असतं.

कमिटच्या संदेशात आधी आज काय अडचण आहे ते वर्तमानकाळात सांगायचं, मग बदल आज्ञार्थात. शेवटी साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ, की हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे. इंग्रजी कच्चं म्हणून मागे राहण्याचं कारण नाही. भाषा सुधारून देणारे भेटतात. 'इथं वाचणारा अडतो' हे दाखवणारे कमी भेटतात, आणि ते अडलेल्यालाच दाखवता येतं.

घरचं मॅन्युअल

अंकाच्या रेपोत मीही एक माहितीची फाइल ठेवली. कोअर.कोटपाथ रेपोबरोबर प्रवास करत नाही. क्लोन करताना लोकल कॉन्फिग येत नाही, आणि तेच सुरक्षिततेचं. त्यामुळे प्रत्येक नव्या लॅपटॉपवर ती ओळ द्यावीच लागते. फाइलीत मथळा दिला: 'फाइलचं नाव आकड्यांत दिसत असेल तर'. खाली उपाय, टर्मिनलमध्ये ही कमांड द्यावी. स्वतःवर खूश होतो.

यंदा ताईंनी नवा लॅपटॉप घेतला. रात्री फोन आला.

"तुझी ती आकड्यांची नोंद सापडली. लगेच सापडली. पण तू म्हणतोस टर्मिनलमध्ये द्यावी, आणि इथं दोन काळ्या खिडक्या आहेत. एकीचं नाव गिट बॅश, दुसरीचं पॉवरशेल. कुठल्या?"

दोन्हींपैकी कुठलीही चालेल, असं म्हणणार होतो. मग म्हटलं, गिट बॅशमध्ये, आणि फोन कानाशी धरूनच फाइल उघडली.

"आणि 'द्यावी' नको," त्या म्हणाल्या. "'द्या' लिही."